बाटलीशेजारची काच
परवा बदलापूरच्या पार्लरमध्ये नखं वाळवायचा जांभळा दिवा लागला आणि अंबरनाथ एमआयडीसीतली आमची छोटी लॅब आठवली. तिथे आम्ही मोबाइलच्या स्क्रीनसाठी इरिडियम धातूचे चमकणारे रेणू बनवायचो. एका दुपारी माल घेणारे पाहुणे आले होते. उकाडा होता, सॉल्व्हंटचा गोडसर वास होता. लॅब चालवणाऱ्या सरांनी पडदे ओढून जांभळ्या टॉर्चखाली बाटली धरली. पातळ द्रावण हिरवंगार पेटलं, पाहुणे खूश झाले. पण त्याच रेणूंचा थर काचेवर दिला, की दाटीत ते एकमेकांचा उजेड मारत, हे सरांना माहीत होतं. मी तसा थर दिलेली एक मंद काच बाटलीशेजारी नेऊन ठेवली. “हे आणायला कुणी सांगितलं?” “कुणी नाही, सर. पण मोबाइलमध्ये थरच जाणार, बाटली नाही.” मागून ऑपरेटर पुटपुटला, “ताई, गप बस ना, नोकरी जाएगी.” पाहुण्यांनी बाटली ठेवली आणि काच उचलली. सर म्हणाले, “तुझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय.” “संपू दे,” मी म्हणाले. ते संपलंच. आता दुसऱ्या लॅबमध्ये मी तसल्याच रेणूंना जाडजूड फांद्या जोडते, म्हणजे ते एकमेकांपासून लांब राहतील. आणि एखादा थर फसला, तर तो सगळ्यांच्या आधी मीच दाखवते.