फूलमनीची मराठी

पेशंट बरा होऊन घरी जातो, पण त्याचा किस्सा नर्सिंग स्टेशनवरच मुक्काम ठोकतो. वीस वर्षं कोल्हापुरातल्या एकाच जनरल वॉर्डात काढल्यावर माझ्याकडे असे किती साठलेत, मलाच माहीत नाही. पण चहा हातात आला की आधी फूलमनीच आठवते.

फूलमनी झारखंडची. सकाळी नर्सिंगचं कॉलेज, दुपारनंतर आमच्याकडे असिस्टंट. वय एकोणीस, मराठी शून्य!

* * *

आल्या आल्या तिला खोली हवी होती. कुणीतरी सांगून ठेवलेलं, मांस खाणाऱ्याला खोली मिळत नाही. मी तिला ओळखीच्या एका काकूंकडे नेलं. काकूंनी विचारलं, "मटण खातीस न्हवं?"

फूलमनी घाबरून म्हणाली, "नहीं, नहीं! कभी नहीं!"

काकू माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, पोरगी आजारी हाय काय?"

* * *

पहिल्याच आठवड्यात गगनबावड्याचे एक काका छाती धरून तिला म्हणाले, "पोरी, कळ येतीया."

तिनं हसून विचारलं, "कल कौन आ रहा है, काका?"

मी शेजारच्या बेडला सलाईन लावत होते. ऐकलं आणि धावले. ईसीजी, डॉक्टर, आयसीयू... काका वाचले. चार दिवसांनी वॉर्डात परत आले, तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले, "मी वर निघालतो, आणि ही पोरगी पावण्यांची चौकशी करतीया!"

वॉर्ड हसला. फूलमनी मात्र काकांना आयसीयूत नेलं त्या दिवशी स्टोअररूममध्ये जाऊन रडली होती. "सिस्टर, मेरी वजह से कोई मर जाएगा. मैं घर जाती हूँ."

मी तिला एक कोरी वही दिली. म्हटलं, "आधी दुखणं शीक. बाकीची मराठी मागनं येईल."

* * *

ती शिकली. ठणका, चमक, मुंग्या, मळमळ... पेशंटच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, लगेच वहीत!

एकदा एक बाई सारखं म्हणत होती, "कसंतरीच हुतंय." बाहेरगावचे नवे डॉक्टर वैतागले. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. "कसंतरीच म्हणजे नेमकं काय होतंय?"

फूलमनी हळूच म्हणाली, "सर, त्यांना भीती वाटते आहे."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बाईंशेजारी बसले.

* * *

हुपरीच्या एक मावशी. जन्मभर घरात बसून चांदीची पैंजणं जोडलेली. ऑपरेशनआधी पायातली काढून पिशवीत ठेवायची, तर त्या ऐकेनात. "लग्नापास्नं काढली न्हाईत. पिशवीत टाकू देणार न्हाय!"

फूलमनी त्यांच्या पायाशी बसली. "मग माझ्या पायात घाला. तुम्ही आलात की परत."

मावशींनी स्वतःच्या हातानं घातली.

ड्युटीवर दागिने घालायला बंदी. नेमक्या मॅट्रन राऊंडला आल्या. "हा आवाज कसला?"

फूलमनी जागीच थिजली. वीस खाटांवरनं एकदम उत्तर आलं, "कसला आवाज? न्हाय की!"

* * *

आणि राधानगरीकडच्या त्या आजी. खुब्याचं हाड मोडलेलं, महिनाभर आमच्याकडे होत्या. एका दुपारी फूलमनी त्यांची चादर बदलत असताना तिच्या आईचा फोन आला. आजी म्हणाल्या, "दे की, मी बोलते तुझ्या आईसंगं."

आईला मुंडारीशिवाय दुसरी भाषा येत नाही. आजींना मराठीशिवाय. आईकडे साधा बटणांचा फोन, म्हणजे चेहरा दिसायचाही प्रश्न नाही. तरी दोघी दहा मिनिटं बोलल्या! आजी "व्हय बाई, व्हय" म्हणत होत्या आणि अख्खा वॉर्ड हसत होता.

फोन ठेवल्यावर फूलमनीनं विचारलं, "काय कळलं, आजी?"

"तुझ्या आईचं गुडघं लई दुखत्यात. उठाय-बसाय येत न्हाय. तुला सांगू नको म्हणलीया."

वॉर्ड आणखी हसला. फूलमनी हसली नाही. व्हरांड्यात जाऊन तिनं घरी फोन लावला. मी शेजारीच उभी होते. तिनं काहीतरी विचारलं. पलीकडून मग एकच वाक्य.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"म्हणाली, तुला कुणी सांगितलं?"