लँडिंगवरची अमेरिका

लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्या रस्त्यावरची घरं जोडीजोडीने उभी आहेत, न पटणाऱ्या भावांसारखी एकाच भिंतीला पाठ लावून. त्यातल्या एका जोडीच्या उजव्या घरात अजून जुना, शहाणा काळोख आहे. डाव्या घरात गंधार देवस्थळी राहतो आणि तिथे अमेरिका आहे.

गंधार इमारतींच्या काचेच्या भिंतींचा इंजिनिअर. मूळचा पुण्याचा, पण मधे दोन वर्षं शिकागोला होता आणि आपण तिथूनच इथे आलो असं सांगतो. त्याच्याकडे चहाला गेलं की चहा येईपर्यंत आपण शिकागोच्या फुटपाथवर पोचलेलो असतो. फुटपाथमध्ये काचेची भिंगं बसवून तिथल्या लोकांनी तळघरं कशी उजळली, श्रीमंतांच्या जिन्यांवर दुधाळ रंगीत काचेच्या खिडक्या कशा आल्या, दुकानांच्या दर्शनी बाजूला चकचकीत काळी-हिरवी काच कशी चढली आणि शेवटी भिंतच जाऊन नुसती काच कशी उरली. हे सगळं खरं आहे. खरं बोलूनही माणसाला किती कंटाळवाणं होता येतं, हे त्याच्याकडून शिकावं.

ज्या काचेने तिकडे शहरं उभी केली, त्या काचेने गंधारने बाथरूम उभी केली. काचेच्या विटांच्या त्या भिंतीमागे अंघोळ करणारा माणूस शेजारच्या साराला गुलाबी डागासारखा दिसतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जेडच्या हिरव्या रंगाची काच आहे. तिच्यावर फोडणीचा प्रत्येक थेंब उठून दिसतो, आणि तो गंधारची बायको वीणा दवाखान्यातून पेशंट तपासून आल्यावर पुसते. मागे बागेकडे सगळी काचेचीच खोली. हॉल आणि ती खोली यांच्यामध्येही काचच.

पण त्याचा खरा अभिमान जिन्याच्या वर होता. खालचा हॉल अंधारा, म्हणून त्याने वरच्या लँडिंगची, म्हणजे जिना संपतो तिथल्या मोकळ्या जागेची, लाकडी जमीन काढून तिथे आरपार काच बसवली आणि वर छताला खिडकी पाडली. देवघर पलीकडच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये. देवापर्यंत जायचं तर काचेवरून.

बांधकाम चाललं तेवढा काळ देव प्लास्टिकच्या डब्यात होते. वीणा संक्रांतीचं हळदीकुंकू दुसऱ्यांच्या घरी करत होती, दुसऱ्यांच्या घरात वाण वाटत होती. या वर्षी पहिल्यांदा ते तिच्या घरी व्हायचं होतं, तिच्या देवीसमोर. तिने आठवडाभर आधी एकच मागणं केलं.

"लँडिंगवर आईची सतरंजी टाकते."

"काचेवर कापड? मग प्लायवूडच टाकलं असतं ना."

"पाय गार पडतात रे."

"सॉक्स घाल."

शनिवारी दुपारी बायका आल्या, पैठण्या आणि वर हिवाळी कोट. इथे हळदीकुंकवाला नवरेही येतात, कारण गाडी कोणीतरी चालवायची असते. आम्ही सगळे नवरे खालच्या हॉलमध्ये बसून रग्बी बघत होतो. डोक्यावर गंधारचा उजेड पडत होता.

आधी देवीला हळदीकुंकू, मग एकमेकींना. म्हणून वयाने मोठ्या मनीषाकाकू पुढे झाल्या, जिना चढल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"अगं वीणा, मला ह्यांचं टक्कल दिसतंय."

खाली बसलेल्या श्रीनिवासकाकांनी साहजिकच मान वर केली.

"अहो, वर काय बघताय?"

"तू टक्कल म्हणालीस ना."

जिन्यावर बायकांची रांग थबकली. देवयानी मागून म्हणाली, "जा हो काकू, सगळ्यांनी आत थर्मल घातलंय."

"तेच तर दिसायला नको."

गंधार जिन्याच्या तळाशी जाऊन उभा राहिला. "काकू, घाबरू नका. या काचेवर हत्ती उभा राहील."

"हत्तीला साडी नेसायची नसते."

मग गंधारने आम्हाला मागच्या काचेच्या खोलीत पिटाळलं. आम्ही हातात कप घेऊन तिथे उभे राहिलो, दुकानातल्या टाकीतल्या माशांसारखे. साराने तिच्या बागेतून हात हलवला. आमच्या त्या खोलीतूनही लँडिंग स्वच्छ दिसत होतं. काच उत्तम प्रतीची होती.

काकू पायरीवर ताटकळल्या होत्या. तिथल्या भिंतीवर गंधारने शिकागोहून आणलेला एक जुना फोटो आहे. "हे काय रे? हीपण काचच का?"

गंधारला राहवलं नाही. "अमेरिकेतली जुनी लायब्ररी, काकू. पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची. वरचा उजेड थेट खालच्या मजल्यापर्यंत."

"मग ही दुधी का दिसते?"

गंधारने प्रथमच त्या फोटोकडे नीट पाहिलं. रोज त्याच्यासमोरून जिना चढणारा माणूस.

"आरपार दिसू नये म्हणून असेल," देवयानी म्हणाली. "तिथेही बायका असतीलच की."

त्याने काचेचं वजन, घसरण, आग, सगळं तपासलं होतं. तिच्यावर उभं राहून तो हौसेने खाली बघत असे. खाली उभं राहून, वरून कोणी जाताना, त्याने कधी पाहिलं नव्हतं. वीणा रोज सकाळी गाऊन आवळून भिंतीच्या कडेकडेने देवाकडे जायची. घरभर काच लावणाऱ्याला तेवढंच दिसलं नव्हतं.

वीणा काकूंच्या शेजारून वर गेली, कडेने चालत झोपायच्या खोलीतून सतरंजी घेऊन आली आणि काचेवर पसरली. हॉल काळवंडला.

"वीणा, सगळा उजेड..."

"दिवा लाव."

बायका एकेक करून पलीकडे गेल्या. वरून तिळगुळाचा आणि हसण्याचा आवाज येत राहिला. आम्ही हॉलमध्ये परतलो. भर दुपारी श्रीनिवासकाकांनी उठून दिवा लावला, कारण गंधार जिन्यापाशी नुसता उभा होता.

सगळे निघाले तेव्हा तो सतरंजी गुंडाळायला वर गेला.

"राहू दे," वीणा खालून म्हणाली. "उद्याही मला देवाकडे जायचंय."

सतरंजी अजून तिथेच आहे. नवा पाहुणा आला की गंधार त्याला शिकागो सांगत जिना चढवतो, वर पोचल्यावर वाकतो, सतरंजीचा एक कोपरा उचलतो आणि अमेरिका दाखवतो. वीणाची चाहूल लागली की कोपरा सोडून देतो.