आई विसरली नव्हती

हे माझ्या बायकोला माहीत नाही. पुण्यातल्या बहिणीलाही नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच — ती आत्ता आतल्या खोलीत मटार सोलत बसली आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आधी आई कशी होती ते सांगतो. बाबा फौजेत होते, शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंट. ते गेल्यावर ती आमच्याकडे, दिल्लीतल्याच द्वारकेला आली. दिल्ली माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत. मेट्रो बदलत मुनिरक्याला जायची, तिथे खोल्या घेऊन परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना थालीपीठं पोचवायची. संक्रांतीला मराठी मंडळाच्या बायकांची बस भरून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला न्यायची — ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्ता हीच सांगणार.

तीन वर्षांपूर्वी मी तिला तुर्कस्तानला नेलं. ग्रुप टूर होती, सगळी दिल्लीचीच मंडळी. मी आईला हात धरून बसमध्ये चढवतो, तिची बॅग उचलतो, हे बघून बायका म्हणायच्या, "बेटा हो तो ऐसा." मला ते आवडायचं. फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

पण आतून मी वैतागलो होतो. ती सारखी बोलायची. ही पाटी काय म्हणते, ही भाजी कसली, बाबांना हे किती आवडलं असतं. इस्तंबूलमध्ये एका दुपारी मोकळा वेळ मिळाला. मशिदीबाहेरच्या कारंज्याजवळ एक बाक होता. मी म्हणालो, "आई, इथेच बस. हलू नकोस. मी आलोच."

आणि मी गेलो. समुद्राकाठी एक कॅफे होता. फोन बंद केला. कॉफी घेतली. किती हलकं वाटलं — कुणी हाक मारत नाही, कुणी काही विचारत नाही! बसची वेळ होत आली होती, मला कळत होतं. कळत असूनही मी दुसरी कॉफी मागवली. हे का केलं?

मग धावत सरळ बसकडेच गेलो. वाटलं — काय वाटलं? की कुणीतरी तिला आणलं असेल. सगळे चढले होते. आई नव्हती. टूर मॅनेजर म्हणाला, "सर, आंटी कहां हैं?" सगळी बस माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मैंने तो बस के पास रुकने को बोला था. आजकल भूल जाती हैं."

ती बाकावरच होती. गार वारा सुटला होता, पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसली होती. मी सांगितलं म्हणून बाथरूमलासुद्धा उठली नव्हती. मॅनेजर समजुतीने म्हणाला, "आंटी, बेटे ने तो बस के पास बोला था."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बसपाशी म्हणाला होतास?"

इथे — अगदी इथे — मला थांबता आलं असतं. आजूबाजूच्या कुणालाही मराठी येत नव्हतं. एक शब्द पुरला असता.

"हो, आई," मी म्हणालो.

"अच्छा... मग विसरले असेन रे."

बसमध्ये चढल्यावर तिने हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. "मेरी वजह से देर हुई." एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आप कितना संभालते हो."

घरी आल्यावर तिनेच बहिणीला फोनवर सांगितलं, हसत हसत. बहीण घाबरली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. पण आईला ते पटलं नाही. तिला जे "आठवत" होतं, ते मी खोटं ठरवलं होतं ना! गॅस बंद केला का, हे ती पुन्हा पुन्हा उठून बघायला लागली. मुनिरका सुटलं. संक्रांत आली तेव्हा म्हणाली, "काला अंबला मी नाही नेत आता. रस्ता नाही आठवला तर? बायका माझ्या भरवशावर असतात."

मी समोर उभा होतो. म्हणालो, "बरोबर आहे तुझं."

आज सकाळी ती चप्पल घालून दारात उभी होती. "खाली भाजीवाला आलाय. जाऊ ना रे? परत येता येईल ना मला?"

मी तिच्या हातातून पिशवी घेतली. म्हणालो, "थांब, मी आणतो."