आधी नाव, मग हात

चित्रकलेचे शिक्षक इब्राहिम शिकलगारमास्तर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांची माझी पहिली भेट एका दाव्यामुळे, म्हणजे गुरे बांधायच्या दोरीमुळे, झाली. मी संस्कृत शिकवायला नुकताच कोल्हापुरात आलो होतो. एका सकाळी घरमालकीण आक्का ओरडल्या, "गुरुजी, परड्यात जनावर आलंय." कुणाची म्हैस सुटली असेल, अशा समजुतीने मी दावे घेऊन धावलो. पाहतो तर घरामागे भिंतीलगत सहा हातांची धामण. आक्कांनी निरोप धाडला होता, म्हणून मास्तर सायकलवरून आले. हातात साप भरायला उशीचा अभ्रा. मला पाहून म्हणाले, "पावणं, दावं आणलंय व्हय? धार काढायचा बेत दिसतोय की." सापाला इथे जनावर म्हणतात, हे मला असे कळले.

मास्तरांना मात्र तो शब्द खपत नसे. जनावर म्हटले की माणूस काठी शोधतो, असे ते म्हणत. त्यांचा नियम एकच: आधी नाव, मग हात. सर्वांना लांब उभे करून ते सापाचे डोके, ठिपके, शेपूट न्याहाळायला लावत आणि फरशीवर खडूने चित्र काढून दाखवत. माझ्यासारखा भित्राही मग नकळत चार पावले पुढे सरके. पकडलेला साप नदीकाठच्या रानात सोडण्याआधी ते त्या रानाच्या मालकाची परवानगी घेत. एक मालक म्हणाले, "उंदरांनी ऊस खाल्लाय. अजून एक असला तर त्योबी सोडा की."

हा नियम एकदा मास्तरांकडूनच मोडला, आणि तोही आमच्या परड्यात. सरपणापाशी एक आखूड, जाडसर साप पडला होता. मास्तर शाळेतून दमून आलेले. एक नजर टाकून म्हणाले, "डुरक्या हाय. बिनविषारी." आणि हात घातला. ती घोणस निघाली. डाव्या हाताच्या बोटाला चावली. मी तिच्यावर लोखंडी पाटी पालथी घातली, वर दगड ठेवला आणि मास्तरांना टांग्यातून दवाखान्यात नेले.

ते वाचतील की नाही, डॉक्टरही सांगेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "सोडली का?" ती अजून पाटीखालीच होती. घरी आक्का काठी घेऊन बसल्या होत्या, आणि खरे सांगतो, माझे मनही त्यांच्याच बाजूला होते. मास्तर हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, नाव मी चुकलो. शिक्षा तिला कशाला?"

मी घरी आलो. पाटीखाली पत्रा सरकवला आणि तेच जुने दावे काढून दोन्ही करकचून बांधले. आक्का काठी हातात ठेवूनच बाजूला झाल्या. सायकलच्या कॅरिअरवर ओझे ठेवून मी नदीकाठच्या रानापर्यंत चालत गेलो आणि लांब काठीने पाटी उलटली. घोणस गवतात गेली तेव्हा मला हायसे वाटले की रडू आले, ते अजून सांगता येत नाही.

मास्तर बरे झाले. बोट वाकडे राहिले. आता वर्गात डुरक्या आणि घोणस यांची चित्रे शेजारीशेजारी काढून त्याच बोटाने ते फरक दाखवतात, आणि चूक कुणाची झाली हेही सांगतात. त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर मुख्यतः या सांगण्यामुळे आहे.

मास्तरांना उदंड आयुष्य आणि धडधाकट शरीर लाभावे. यात आमचा स्वार्थही आहे. परवाच आक्कांनी हाक मारली, "गुरुजी, मास्तरांस्नी बोलवा. परड्यात धामण आलीया." मी बाहेर येऊन पाहिले. आक्कांच्या हातात काठी नव्हती.