डाव्या कोपऱ्याच्या पकडी

नाव: धर्मपाल देवराव मुनेश्वर. पूर्वीचे नाव असल्यास: उकंडा. वय: अंदाजे बत्तीस. उंची: पाच फूट पाच इंच. संघ: विठ्ठलरावांचे जिन, आर्णी. पद: गुणलेखक. सामने: एकशे एकोणीस, सर्व खुर्चीवरून. चढाया: निरंक. गुण: निरंक. पकडला गेल्याची संख्या: निरंक. ओळखीची खूण: चष्मा; उजव्या मधल्या बोटावर शाईचा घट्टा. वर्तणूक: समाधानकारक.

हे नोंदपत्र १९६१ सालच्या हिवाळ्यात पुसदच्या कबड्डी स्पर्धेसाठी भरलं गेलं. संघातल्या सगळ्यांची नोंदपत्रं भरणारा माणूस एकच असल्यामुळे धर्मपालचं नोंदपत्रही धर्मपालनंच भरलं. माणूस नोंदीच्या बाबतीत फार कडवा. डोळ्यात धूळ गेली म्हणून एखादी चढाई दिसली नाही, तर तिथं ‘दिसली नाही’ असं लिहिणारा. त्यानं आयुष्यात एकच खोटी नोंद केली, ती या कागदावर. त्याच्या चढाया निरंक नव्हत्या. तेवीस होत्या.

पण आधी जिनाचं सांगायला हवं. दिवाळीपासून होळीपर्यंत विठ्ठलरावांच्या जिनात कापसानं भरलेल्या बैलबंड्या यायच्या, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या. विठ्ठलरावांना कबड्डीचा नाद होता, आणि जिंकण्याचा त्याहून. म्हणून त्यांनी गावोगावचे चांगले खेळाडू वेचून पगारावर ठेवले. हजेरीपटावर ते सगळे हमाल होते. त्यांच्यातल्या एकानंही कधी गठाणीला हात लावलेला कोणी पाहिला नाही. धर्मपालची नोंद ‘झाडूवाला’ अशी होती आणि त्याच्या हातात झाडू कोणी पाहिला नाही. तो सातवी पास होता, अक्षर मोत्यासारखं, आणि एकदा पाहिलेली चढाई त्याच्या डोक्यातून जात नसे. १९५७ साली विठ्ठलरावांनी त्याला एक जाड वही आणि एक खुर्ची दिली. तेव्हापासून संघाची सगळी हकीकत त्या वहीत राहायला गेली.

गुणलेखक म्हणजे गुण लिहिणारा. धर्मपाल तेवढ्यावर थांबत नसे. कोणत्या पायानं मध्यरेषा ओलांडली, दम कुठं संपला, कोणत्या कोपऱ्यात पकड झाली, सुटला तर कोणाच्या हातून, हे सगळं रकान्यांत उतरे. पूनमसिंग हा संघाचा मोठा चढाईवाला, दिग्रसकडच्या तांड्यावरचा. धर्मपालनं एकदा त्याला वही उघडून दाखवलं, की डाव्या मांडीवर थाप मारून गेला तर तो बहुतेक रिकामा येतो आणि उजव्या मांडीवर मारली तर गुण आणतो.

पूनमसिंगनं वहीकडे पाहिलं, मग आपल्या मांड्यांकडे. “माह्या मांडीवरबी पहारा ठेवला का बे तू?” असं म्हणून तो निघून गेला. पुढच्या सामन्यापासून तो दोन्ही मांड्यांवर थाप मारू लागला. धर्मपालला एक रकाना वाढवावा लागला.

संघाचा कप्तान वामनराव. डावा कोपरा त्यांचा. चढाईवाला रेषेजवळ येईपर्यंत ते बैलासारखे गरीब उभे असत, आणि मग त्याचा घोटा त्यांच्या हातात असे. मधलं काही कोणाला दिसत नसे. धर्मपालला दिसे. पकडीआधी वामनरावांचा उजवा पाय चार बोटं पुढे सरकतो. प्रत्येक वेळी. वामनरावही सामन्याआधी वही वाचल्याशिवाय मैदानात उतरत नसत. धर्मपाल वही बाकावर ठेवी, वामनराव ती बाकावरून उचलत, वाचून पुन्हा बाकावर ठेवत. ही रीत कोणी ठरवली नव्हती. पाच वर्षांत ती मोडलीही नव्हती. बाकी बोलणं अगदी मोकळं. “काय धर्मपालभाऊ, काय म्हन्ते तुमची वही?” असं चारचौघांत, जी लावून, तुमी लावून.

वामनराव आणि धर्मपाल एकाच गावचे.

१९४९ सालची गोष्ट. कापूस वेचून झाला होता, ज्वारी खळ्यावर यायची होती, आणि गावची पोरं मोकळ्या खळ्यात रोज संध्याकाळी हुतुतू खेळत. एकाला हिवताप आला. सातातला एक कमी पडला. उकंडा लांब बाभळीखाली उभा राहून रोज पाहत असे. आईबापाची आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं होतं आणि तेच नाव ठेवलं होतं. ज्याला कोणी नेत नाही ते लेकरू जगतं, असा हिशेब. तर कोणीतरी म्हणालं, त्याले घ्या, आकडा भरते. उकंडा रेषेशी येऊन उभा राहिला. त्याचा दम चांगला होता. पहिल्या चढाईला तो आत गेला, आणि समोरचे सातही जण मागे सरकले.

त्याला आधी वाटलं, आपण भारी आहोत.

तीन संध्याकाळी तो खेळला. तेवीस वेळा आत गेला आणि तेवीस वेळा सुखरूप परत आला. त्याचा हात पोचेल इतक्या जवळ कोणी थांबलं नाही, आणि त्याला धरायला कोणी आलं नाही. शिवायच्या खेळात न शिवता येण्याची ही सोय गावानं बिनबोभाट करून घेतली होती. पोरांनी ठरवलं नव्हतं. घरून आंघोळ सांगितली जाईल, एवढंच ज्याला त्याला ठाऊक होतं. जिल्ह्यात तेवीस चढायांत एकदाही न पकडला गेलेला दुसरा खेळाडू नाही. त्या दृष्टीनं तो विक्रमच.

फक्त तेविसाव्या चढाईत एक घडलं. डाव्या कोपऱ्यात एकोणीस वर्षांचा वामन उभा होता. उकंडानं पाय टाकला तसा वामनचा उजवा पाय पुढे सरकला आणि हात घोट्याकडे निघाला. खेळाच्या भरात निघाला. एका वितीवर येऊन तो थांबला. मग वामननं डावा पाय मागे घेतला.

चौथ्या दिवशी हिवतापाचा पोरगा बरा होऊन आला.

नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी उकंडाचा धर्मपाल झाला. पुष्कळ गोष्टी मागे टाकल्या, टाकायच्याच होत्या. देव गेले, नाव गेलं, गावकीची कामं गेली. ती एक वीत तेवढी गेली नाही. जिनाच्या खुर्चीवर बसून तो वामनरावांची प्रत्येक पकड लिहायचा, आणि प्रत्येक वेळी त्या हातात आपला घोटा असता तर कसं लागलं असतं, हे त्याच्या मनात येऊन जायचं. याला रकाना नव्हता.

तर १९६१. पुसदला गाठ पडणार होती दारव्ह्याच्या संघाशी, आणि त्यांच्या एका चढाईवाल्यानं मागच्या वर्षी एकट्याच्या जोरावर जिनाच्या संघाला बुडवलं होतं. वहीत त्याची सव्वीस चढायांची नोंद होती. तो डाव्या कोपऱ्याकडे येतो, उजव्या पायाची हूल देतो, तिसऱ्या पावलाला वळतो. वळताना डावा पाय क्षणभर मागे राहतो. तिथंच धरला तर धरला. वामनरावांनी हे चारदा वाचलं. वाचून पाय दिसत नाही, म्हणाले. कोणीतरी तसं येऊन दाखवायला पाहिजे.

पूनमसिंग तांड्यावर लग्नाला गेला होता. दुसऱ्या दोघांनी प्रयत्न केला, पण त्यांना त्यांच्याच सवयी मोडवेनात. विठ्ठलराव बंडीच्या जुवावर बसून पाहत होते. ते वैतागून म्हणाले, “धर्मपाल, तुलेच येते न सारं? मंग तूच दाखव.”

धर्मपालनं वही खुर्चीवर ठेवली. धोतर खोचलं. रेषेशी गेला तेव्हा पायाखाली सांडलेली रुई होती, मऊ. बारा वर्षांनी त्यानं दम घेतला.

हूल बरोबर पडली. एक पाऊल, दोन, तिसऱ्याला वळला आणि डावा पाय मागे ठेवला. समोर वामनराव. सरावाचा सगळा मतलब एवढाच होता, की या क्षणी वामनरावांनी तो पाय धरावा. वामनराव मागे सरकले.

“चष्मा हाय तुमच्या डोयावर,” ते म्हणाले. “फुटन उगीच.”

बरोबर होतं. धर्मपालनं चष्मा काढून वहीवर ठेवला आणि पुन्हा आला. या वेळी त्यानं पाय मागे ठेवला तो उचललाच नाही. दारव्ह्याचा गडी तिथं क्षणभर थांबत असे. धर्मपाल दम संपेस्तोवर थांबला. कबड्डी, कबड्डी, आवाज बारीक होत गेला, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि चष्म्याशिवाय त्याला समोर फक्त एक धूसर माणूस दिसत राहिला, जो हलत नव्हता. शेवटच्या श्वासाला तो रेषेकडे वळला. कोणी अडवलं नाही.

विठ्ठलराव ओरडले, अरे धरा की त्याले. वामनराव हसून म्हणाले, “मालक, याइचा हातपाय मोडला तं वही कोन लिहीन? अन् समजलं मले. दिसला पाय.”

हेही बरोबर होतं. पुसदला वामनरावांनी त्या चढाईवाल्याला पाच वेळांत चारदा धरलं, चारही वेळा तिसऱ्या पावलाला. संघ जिंकला. विठ्ठलरावांनी सगळ्यांसमोर धर्मपालच्या डोळ्याची तारीफ केली, आणि वामनरावांनी त्याच्यासाठी चहा सांगितला, सगळ्यांसारख्याच कपात.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं. सत्यशीला चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लोकाइले धरलं म्हनून रडताना पाह्यलं मी. धरलं नाही म्हनून रडनारा मानूस आजच पाहून राह्यली.”

“रडून नाही राह्यलो.”

“मंग चष्मा कायले पुसून राह्यले कवाचे?”

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. तिनं भाकरी उलटली. “मी म्हन्ते, इचारून टाका न एकडाव त्याइले. भले मानूस हायेत.”

“काय इचारू? वामनराव, मले काहून नाही धरलं, असं?”

तिला हसू आलं, आणि मग ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. भाकरी करपली.

वामनरावांचा उजवा पाय त्या दिवशीही चार बोटं पुढे सरकला होता. पहिल्या चढाईला, चष्मा असताना, धर्मपालनं तो पाहिला होता. मग डावा पाय मागे गेला. एवढ्या वर्षांच्या नोंदीत वामनरावांनी डावा पाय मागे घेतल्याच्या वेळा दोन: एक खळ्यातली, एक जिनातली. पण दोन वेळांवरून अनुमान काढू नये, हे नोंदी ठेवणाऱ्याला कळतं. एकदा आंघोळीचं कारण असेल आणि एकदा खरंच चष्म्याचं. किंवा दोन्ही वेळा एकच असेल आणि ते पायालाच माहीत असेल, वामनरावांना नसेल. धर्मपालनं पुष्कळ संध्याकाळी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. वाईट वाटावं असं वामनराव कधी वागले नाहीत, हीच मोठी अडचण होती. वाईट वागणाऱ्या माणसाचा हात हवासा वाटत नाही.

पुढे तीन हंगाम तो खुर्चीवर बसला. सरावाला माणूस कमी पडला की तो चष्मा काढून बसे. कोणी बोलावलं नाही.

१९६५ साली वामनरावांनी खेळ सोडला. विठ्ठलरावांनी जिनाच्या आवारात सत्कार ठेवला आणि त्याच मांडवात गुणलेखकालाही मानपत्र द्यायचं ठरवलं. अक्षर चांगलं असलेला माणूस एकच असल्यामुळे दोन्ही मानपत्रं धर्मपालनं लिहिली. स्वतःच्या मानपत्रात त्याला सांगितल्याप्रमाणे लिहावं लागलं, की ‘श्री. धर्मपाल मुनेश्वर यांनी आठ हंगाम संघातील प्रत्येक खेळाडूच्या निकट सहवासात राहून, जात, धर्म व श्रेणी यांचा भेद न मानता, संघाशी एकरूप होऊन बहुमोल सेवा बजावली.’ वामनरावांच्या मानपत्रासाठी आकडे हवे होते. ते वहीतून काढायला त्याला दोन दिवस लागले, कारण सरावातल्या पकडीही धरायच्या, असं विठ्ठलरावांचं म्हणणं पडलं.

आठ हंगामांत, सामने आणि सराव धरून, वामनरावांनी चारशे बारा माणसं पकडली. धर्मपाल त्यांत नव्हता.