रिकामं टरफल

ईस्टरच्या आदल्या दिवशी रेवदंड्याच्या एसटी थांब्यावर एक म्हातारी बसली होती. मांडीवरच्या टोपलीत अंड्यांची रंगवलेली, रिकामी टरफलं. एकेक उचलून ती कानाशी धरायची, मान हलवून परत ठेवायची.

माझ्या लेकीला तिनं एक दिलं आणि सुईनं पाडलेली दोन भोकं दाखवली.

“ही बुजवू नको हां, बाय. रिकामं घर दिसलं की कोण ना कोण आत शिरतं. त्याला जायला वाट पायजे.”

मी हसले.

घरी लेकीनं ते दोरा ओवून खिडकीत टांगलं. दोरा सुटू नये म्हणून दोन्ही भोकांवर मेण लावलं.

सकाळी वारा नव्हता, तरी ते झुलत होतं. काढायला गेले, तर हाताला जड लागलं.

कानाशी धरायचं धाडस मला अजून झालेलं नाही.