आक्काची झोप

रोज सकाळी माझा पहिला चहा गॅसवर असतानाच आक्काचा फोन यायचा. फोन कसला, दोन शब्द. "शाली, निद्दी बंतु!" आणि खळखळून हसायची. निद्दी बंतु म्हणजे झोप लागली. आमची आई कानडी मुलखातली. मैंदर्गीच्या आमच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी चालायचं. सकाळी उठल्या उठल्या आई आम्हा दोघी बहिणींना विचारायची, "निद्दी बंतेन?" झोप लागली का गं पोरींनो? आई जाऊन किती वर्षं झाली… पण माझी ही थोरली बहीण, साठी उलटल्यावर, गेली दोन वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर रोज मला देत होती. त्या दिवशी चहा उकळून काळा झाला तरी फोन आला नाही. मी म्हटलं, झोपली असेल बया निवांत, झोपू दे. आणि मग फोन आला तो अश्विनीचा, आक्काच्या सुनेचा. "मावशी, तुमी लगेच या. आई उठंनात."

मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. आक्का कुशीवर होती, एक हात गालाखाली. रात्री नाकावर लावायचा मास्क कुणीतरी काढून उशाशी ठेवला होता, त्याचं मशीन बंद केलेलं होतं. हळूहळू माणसं जमली आणि जो तो तेच म्हणायला लागला. झोपेतच गेली, भाग्याची बाई. चार जणींचं ऐकून घेतलं, पाचवीला मात्र मी फाडकन बोलले. "कसलं डोंबलाचं भाग्य! जन्मभर जागी राहिलेली बाई, आत्ता कुठं झोपायला लागली होती." मी मास्तरीण आहे, तोंडानं फटकळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेव्हा मी कुणावर चिडले होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

कारण आमची आक्का अशी नव्हतीच हो. लहानपणी ती पाठ टेकली की झोपायची आणि झोपली की घोरायची. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो, दोघींत एक वाकळ. मी भित्री. कुत्रं ओरडलं तरी माझे पाय गार पडायचे. पण शेजारी आक्का घोरत असायची आणि मला वाटायचं, हाय, हाय, आक्का हाय हितंच. बाबा म्हणायचे, "आमच्या थोरलीनं गिरणी चालू केली, झोपा आता." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिचं लग्न होऊन ती सोलापूरला गेली, तेव्हा मी कितीतरी दिवस त्या आवाजावाचून तळमळत पडायचे.

सासर म्हणजे दोन खोल्यांचं घर. सासू, दोन दीर, आणि दाजी, म्हणजे आक्काचे यजमान. ते चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जायचे. सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत. लग्नाची हळद अजून अंगावर होती आणि एका सकाळी चहाच्या वेळी सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "बाईमाणसानं असं घोरावं व्हय गं? मला वाटलं, रेडा शिरला घरात." दीर हसले. दाजीही हसले. आक्का मला म्हणाली होती, "ते हसले त्याचं लई लागलं बघ, शाली." त्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं, घरातली सगळी झोपेपर्यंत डोळा मिटायचा नाही आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. आधी नुसता निश्चय होता, मग सवय झाली, आणि पुढं सासू गेली, दीर वेगळे झाले, स्वतःची खोली झाली, तरी झोप काही परत आली नाही. डोळा लागला की कुणीतरी गळा आवळतंय असं व्हायचं तिला. धडपडून उठून बसायची. नको ती झोप, म्हणायची.

त्यामुळं ती कुणाकडं मुक्कामाला म्हणून राहिली नाही कधी. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की संध्याकाळच्या एसटीनं परत. मलाही सोलापुरातच दिलेलं, पण माझ्या बाळंतपणात सकाळी यायची, मला न्हाऊमाखू घालायची, दिवेलागणीला घरी. नातेवाइकांत बोभाटा झाला, सोलापूरवाली लई ताठ्याची, तिला आपलं घरच गोड. मी हक्कानं भांडायचे. "रिक्षानं यायच्या अंतरावर राहतेस आणि एक रात्र राहता येत नाही व्हय गं तुला?" तर म्हणायची, "मला परक्या अंथरुणात झोप न्हाई लागत." तिला आपल्या अंथरुणात तरी कुठं लागत होती! पण एकदा, अगदी एकदाच, माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ती बोलून गेली. "शाली, मला एकदा तुझ्याशेजारी पडून झोपायचंय बघ. पयल्यागत. चार माणसांत, कुणाला न भिता." तेव्हा हे रेड्याचं सगळं सांगितलं मला. मी एवढी फटकळ, पण नुसता लसूण सोलत राहिले.

तिच्या जागं राहण्याचा फायदा मात्र सगळ्या गल्लीनं घेतला. आमच्या सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही, आणि येतं ते कधी येईल त्याचा नेम नाही. आक्का जागीच. नळ सूं करायला लागला की ही दारोदार कड्या वाजवत फिरायची. "उठा गं, पानी आलं!" बायका तिच्या भरवशावर बिनघोर झोपायच्या.

उपाय काय कमी झाले? दुधात जायफळ झालं, खसखस झाली, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळून झालं. अक्कलकोटचा अंगारा उशीखाली असायचाच. रक्तदाब वाढला तेव्हा दाजी तिला एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी बरोबर विचारलं होतं हो, "रात्री घोरता का?" आक्का तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "छे हो, आमच्या घरात बायका न्हाईत घोरत." बायकोची अब्रू राखली, असं वाटलं त्यांना. आक्कानं मान खाली घातली. मग झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या घेऊन ती रात्री तशीच तळमळायची आणि दिवसा पोळी लाटता लाटता डुलक्या द्यायची.

मग सून आली, अश्विनी. अक्कलकोटची पोरगी. तिच्या वडलांना हाच त्रास, त्यामुळं पलीकडच्या खोलीतून नुसतं ऐकून तिच्या लक्षात आलं. सासूला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं गेली. दाजीही बरोबर होते. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, आणि ही म्हणाली, "घोरतात की! मधीच श्वास थांबतो, मग दचकून उठतात." दाजींनी डोळे वटारले. आक्काला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तपासणी झाली आणि कळलं की झोपेत घसा मिटायचा, श्वास अडायचा, म्हणून ती उठून बसायची. इतकी वर्षं! डॉक्टर म्हणाले, हृदयाला फार ताण पडलाय, हे आधी कळायला हवं होतं.

हवा सोडणारं मशीन घरी आलं. नाकावर मास्क, त्याला लांब नळी. आक्कानं पहिल्यांदा आरशात बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, गणपतीच की!" पण हसू तेवढ्यापुरतंच. मास्क लावला की जीव गुदमरायचा, तोंडाला कोरड पडायची, कडेनं हवा निसटून डोळ्यांत जायची. अंबाड्यावरून पट्टे घसरायचे, म्हणून जन्मात पहिल्यांदा वेणी घालून झोपायला लागली. एवढ्यावर भागेना. नाकातल्या चमकीमुळं मास्क नीट बसत नव्हता. लग्नातली चमकी ती! ती काढायची म्हटल्यावर आक्कानं मशीनच कपाटावर टाकलं, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी. अश्विनी रागावली नाही की मागं हटली नाही. म्हणाली, "आई, झोपू नका. नुसतं लावून बसा." मग आक्का दुपारी मास्क लावून टीव्हीवरची मालिका बघायची, डाळ निवडायची. एकदा दारात आलेली भाजीवाली तिला बघून पाटीसकट मागं सरकली. असं करत करत महिना गेला, आणि एके दिवशी आक्कानं आपल्या हातानं चमकी काढून देवघरातल्या डबीत ठेवली.

त्यानंतर काहीच दिवसांनी नळाला पाणी आलं आणि गेलं. सगळ्या गल्लीत खडखडाट! सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात. "काय ओ, आज उठवलं न्हाई?" अश्विनी म्हणाली, "आई झोपल्या होत्या." बायकांना खरंच वाटेना. त्या सकाळी मला पहिला फोन आला. निद्दी बंतु. मी ओट्याला धरून रडले.

मग मी काय केलं, इलेक्ट्रिशियन बोलावला आणि हॉलच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर एक प्लग बसवून घेतला. आक्काला पलंग नको, खाली चटईच लागते. ती आली की हो! पिशवीत मशीन, वेणी घातलेली, नाक मोकळं. माझ्याशेजारी पडली, दिवा घालवायच्या आतच झोपली. घोरणं नाही की काही नाही, मशीनची बारीक घुरघुर तेवढी. पुढं दाजींच्या भाचीच्या लग्नात अक्कलकोटला कार्यालयात राहिली, बायकांच्या ओळीत गादी टाकून. सकाळी एक जाडजूड पाहुणी तिला हळूच बाजूला घेऊन विचारत होती, "हे कुटं मिळतं ओ? आमच्या ह्यांच्यासाठी." आक्का मला डोळा घालून म्हणाली, "ह्यांच्यासाठी न्हाई, तिलाच पायजे."

पण मला सारखी आठवते ती एक दुपार. आमच्या हॉलमध्ये ती चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता त्या प्लगपाशीच कलंडली, मास्कबिस्क काही नाही, आणि घोरायला लागली. तसंच, अंगणातल्यासारखं. डॉक्टरांनी दुपारीसुद्धा मशीन लावायला सांगितलं होतं, पण मला उठवावंसं वाटेना. दार सताड उघडं होतं. शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या, मी ओठांवर बोट ठेवलं. एवढ्यात आक्का दचकून उठली. "घोरले का गं मी?" मी म्हटलं, "घोरलीस की! गल्लीभर ऐकू गेलं." तिनं सवयीनं पदर तोंडावर ओढला. पदराआड खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतीय. पदर ओढून बघितला तर हसत होती नुसती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शेवटची अंघोळ आम्ही बायकांनी घातली. हिरवी साडी, मळवट. नाकाच्या दोन्ही बाजूंना मास्कचे वण तसेच होते. दाजींच्या चुलतीनं डबीतली चमकी आणली. "सवाष्ण बाई, मोकळ्या नाकानं कशी पाठवायची?" पण भोक बुजलं होतं. चुलती जोर लावायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. "राहू द्या. मोकळ्या नाकानंच जाऊ दे तिला." बाहेर आणून ठेवलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, कशी शांत झोपलीय. कोपऱ्यात बसलेले दाजी एकदम मोठ्यानं म्हणाले, "लई घोरायची ओ ती. मी डाक्टरला खोटं सांगितलं." त्यांना कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

अश्विनीचं मात्र मला बघवत नव्हतं. त्या दिवशी पहाटे पाणी आलं होतं. तिनं सगळं भरलं, आवाज न करता. नवऱ्याला दटावलं, कळशी आपटू नका, आई झोपल्यात. मशीन चालू होतं ना… ती बाहेरूनच ऐकत होती, आणि मशीन आपलं चाललंच होतं. "मावशी, मी उठवलं असतं तर?" मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "पोरी, त्या घरात तिला पहिल्यांदा झोपू दिलं ते तू. हे विसरू नकोस." तिला ते पटलं का, मला माहीत नाही. मलाच अजून धड पटलेलं नाही.

आता सकाळी चहा होतो, फोन वाजत नाही. हॉलमधला तो प्लग तसाच आहे. तिथं कुणी मोबाईल लावला की मी खेकसते. दुपारी जेवण झालं की मी तिथंच चटई टाकते. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या, "दार लावून झोपत जावा की ओ, आवाज बाहेर येतोय." म्हटलं, येऊ दे. दार उघडंच ठेवते. पडल्या पडल्या डोळा लागतो आणि ऐकू येतं, शेजारी आक्का घोरतीय. हाय, हाय, आक्का हाय हितंच… हात लांब करते, तर चटई रिकामी. घोरत असते ती मीच.